बुजवलेलं दार

आमच्या माळावर मातीचा एक गोल बांध आहे, कंबरेइतका उंच. तीनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी मेंढरं कोंडायला घातला म्हणे. आता तो सरकारी संरक्षणात आहे. माळावर वारा लागत नाही अशी तेवढीच जागा, म्हणून आमच्या मेंढ्या तिथे वितात. तशी परवानगी आहे, पण बांधाला धक्का लावला की ती गेली, आणि ती गेली तर नवी कोकरं वाऱ्यातच मरायची.

धक्का म्हणजे फोडणं, असं माझ्या सासऱ्यांनी धरलं. त्यांचा जन्म बांध घालण्यात गेला. पडकं दिसलं की हात शिवशिवतात. आम्ही नवरा-बायको बाजारला गेलो आणि मागे त्यांनी बांधातलं खिंडार गवतासकट माती लावून बुजवून टाकलं. जोड कुठे दिसेना.

सरकारी पाहणीच्या बाई यायच्या दिवशी नवरा मेंढ्यांमागे गेला होता. मी बजावलं, "बाबा, तुम्ही तोंड उघडायचं नाही!"

बाईंनी हातातला नकाशा उलटसुलट करून पाहिला. "इथे वाट होती ना?"

"छे हो, पहिल्यापासून असंच आहे," मी ठोकून दिलं.

"मग आमच्याच माणसाची चूक दिसतेय."

माझ्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात बाबा फुरफुरले. "चूक कसली? मी बुजवलंय ते! कंबर मोडली माझी, आणि म्हणे पहिल्यापासून!"

धरणी दुभंगावी असं वाटलं मला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आजोबा, ते खिंडार नव्हतं. दार होतं. बांधणाऱ्यानेच ठेवलेलं."

बाबांचा चेहरा पार उतरला. दुसऱ्या कारागिराचं दार आपण लिंपलं, हे त्यांना परवानगी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

"जुनी माती खणलीत का?"

"नाही. वरून भर घातली नुसती."

"मग माझ्यासमोर हाताने काढा. जुन्याला नख लागलं नाही, तर परवानगी राहील."

आम्ही तिघेही गुडघ्यांवर बसलो. बाईसुद्धा. नवी माती भुसभुशीत, हाताला सहज येत होती. दुपार कलता कलता जुनी कड उघडी पडली, आतल्या बाजूला सुबक वळवलेली आणि कुठेही न खरचटलेली. बाईंनी ती नीट निरखली आणि मान डोलावली. मी तर तिथेच फतकल मारली.

बाबा मात्र त्या कडेवरून हात फिरवत राहिले.

"काय वळण दिलंय गड्यानं!" ते म्हणाले. "मला नसतं जमलं."

सून म्हणून इतकी वर्षं या घरात आहे, पण दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणताना बाबांना मी पहिल्यांदाच ऐकलं.