नळीसमोर नळी

मित्रांनो, शिवाजी पेठेतल्या एका लॅबमधलं मी जुनं सेंट्रीफ्यूज. म्हणजे रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं मशीन. मी फिरलो की लाल रक्त तळाला बसतं, वर पिवळसर पाणी येतं. तपासणी त्या पाण्याची होते.

तरुणपणी काय रुबाब होता माझा! खोड एकच. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या नसल्या, की मी थयथयाट करायचो. एकदा तर नाचत नाचत टेबलावरून थेट एका पावण्याच्या मांडीवर जाऊन बसलो. "बंद करा ह्येला, भंगारात घाला!" सगळे ओरडले. आमचे टेक्निशियन धम्मपालदादा मात्र पुढं आले. रक्ताच्या नळीसमोरच्या रिकाम्या भोकात त्यांनी तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली. मी गप.

एका सकाळी फुटबॉल खेळणारी साक्षी आली. चार महिने पाळी नाही, हनुवटीवर केस. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरबाईंना पीसीओएसची, म्हणजे पाळीच्या हार्मोनच्या बिघाडाची शंका होती, रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. सोबत वडील सयाजीराव, जुने पैलवान, आणि आत्या आक्काताई.

"त्या फुटबॉलनंच झालंय सगळं," आक्काताई कडाडल्या. "रिपोर्ट वाईट येऊ दे, बूटच चुलीत घालते!"

साक्षीनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी नळी फिरवली. वर पिवळं यायचं, ते आलं पांढरं दुधाळ!

"पोरीनं काय खाल्लंय?" दादांनी विचारलं.

"काय बी न्हाय," सयाजीराव म्हणाले. "पाटंचं म्हशी पिळत्यात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजलं तेवढं. लिटरभर."

"अहो, उपाशी आणा म्हटलं होतं!"

"मग उपाशीच हाय की! दूध म्हंजे खाणं व्हय?"

दुसऱ्या दिवशी साक्षी खरोखर उपाशी आली. रिपोर्टात इन्सुलिन जास्त, टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, अंगातली सूज दाखवणारं सीआरपीसुद्धा थोडं वर. आक्काताई बुटांकडं वाकल्या.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हार्मोन बिघडलेत, खेळ नाही. पळण्यानंच इन्सुलिन ताळ्यावर येतं. निम्मं औषध तिच्या पायात आहे, निम्मं मी देते."

"आणि दूध?" पैलवानांचा आवाज रडवेला झाला.

"कपभर."

आता नवं मशीन आलंय. मी फळीवर धूळ खातोय, आणि त्या दुधाळ नळीची आठवण काढून एकटाच हसतोय. परवा साक्षी पुन्हा तपासायला आली. पाळी सुरू झाली होती, बुटांना चिखल होता. मागून आक्काताई ओरडत होत्या, "आटपा की दादा! मॅच सुरू हुईल!"

मित्रांनो, मशीन असो की माणूस, थरथरायला लागलं की लगेच बंद करू नका. समोरच्या बाजूला काय कमी पडलंय, ते आधी बघा. आणि जमलं तर माझी धूळ पुसा.