पुढची सीट

जुन्या गाड्या विकणाऱ्याला सगळे मामा म्हणत. "मी अख्ख्या गावाचा मामा, पण आजवर कुणाला मामा बनवलं नाही," हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असावा, कारण म्हणताना त्याचं लक्ष नेहमी भलतीकडेच असायचं. आत्ताही ते म्हणताना तो तिच्या छोट्या गाडीच्या खिडकीतून आत डोकावत होता.

"ताई, पुढची सीट कुठाय?"

"घरी आहे."

"घरी?" त्याने डोकं बाहेर काढलं. "घरी बसून काय करते ती?"

"बाबा बसायचे तिच्यावर."

"मग बाबांना सांगा, आता एखादी बरी खुर्ची घ्या. मुलगी ट्रकवाली झाली म्हणावं!"

"ते गेले. तीन महिने झाले."

मामाने जीभ चावली. डोक्यावरची टोपी काढली, आत काहीतरी सापडेल असं तिच्यात पाहिलं आणि पुन्हा घातली. मग हळूच म्हणाला, "पण सीट लागेल हो. गाडी पूर्ण असेल तरच बदली. कागदावर तसं लिहावं लागतं मला."

ती बदल्यात घ्यायच्या ट्रकच्या मागच्या फळीला टेकून उभी होती. ट्रक आधी बर्फाच्या कारखान्यात होता. वर्षानुवर्षं पाणी झिरपून त्याच्या तळाचा पत्रा दोन ठिकाणी खाल्ला गेला होता, पण फळ्या उंच होत्या आणि इंजिन एका हाकेला उठत होतं. सकाळपासून तिने तळावर वाकून टेप तीनदा लावली होती. मधोमध लाकडी घोडी ठोकली की सहा फुटी काचा दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या असत्या.

काच उभीच न्यायची असते. आडवी ठेवली तर ती रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात स्वतःच्या वजनाने जाते. छोट्या गाडीत काच उभी राहावी म्हणून बाबांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात पुढची सीट काढून टाकली होती. सव्वीस वर्षं त्यांनी खिडक्यांच्या काचा त्या मोकळ्या जागेतून नेल्या, घोंगडीत गुंडाळून, एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने काच धरून. पण त्या गाडीत साडेचार फुटांच्या वर काही मावत नव्हतं आणि आता शाळेचं काम आलं होतं. दोन मजले, सगळ्या खिडक्या सहा फुटी. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी काचा उतरल्या नाहीत तर काम दुसऱ्याला. बाबा गेल्यापासून एवढं मोठं काम आलं नव्हतं. हे हातचं गेलं असतं तर दुकानाला कुलूप लावून कुठेतरी नोकरी शोधण्यापलीकडे तिच्याकडे काही उरत नव्हतं. आणि तिला दुसरं काही येत नव्हतं.

"उद्या आणते," ती म्हणाली.

"दुपारच्या आत आणा. दुपारनंतर मी कुणाचा मामा नसतो, घरी जेवायला जातो."

*

सीट आतल्या खोलीत खिडकीशी होती. बाबांनी उरलेल्या चौकटींचं लाकूड वापरून तिला खाली बैठक करून दिली होती, चार नटांनी घट्ट बसवलेली. आधी ती नुसती वर्तमानपत्र वाचायची जागा होती. पाहुणे आले की हसायचे. यांच्या घरात सीट, गाडी कुठाय, असं विचारायचे.

मग बाबांना धाप लागायला लागली. दुधी काच करायला ते काचेवर वाळूचा मारा करायचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हवेचं मशीन लावून, नाकावर नुसता रुमाल बांधून. तीस वर्षं त्या बारीक धुळीत उभे राहिले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला तेव्हा तो बाबांच्याच हातच्या काचेसारखा दिसत होता. शेवटचे सात महिने त्यांना आडवं होता येत नव्हतं. पलंगावर पाठ टेकली की बुडणाऱ्या माणसासारखे हात झाडायचे. सीटवर मात्र झोप लागायची. सीटच्या कडेला पाठ मागेपुढे करायचा दांडा होता. तो ओढून पाठ मागे सोडली की कट कट असा आवाज करत एकेका खाचेवर अडकायची. चौथ्या खाचेवर बाबांना श्वास मिळायचा. तिसऱ्यावर छाती दबायची, पाचव्यावर पाणी चढल्यासारखं व्हायचं. हे आईने शोधून काढलं होतं, आणि त्यानंतर त्या दांड्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

आता त्या सीटवर आई बसायची. दिवसा, आणि झोपायलाही.

"आई, सीट लागणार आहे," ती म्हणाली. दारातच उभी राहून म्हणाली.

आईच्या मांडीवर ताटात शेंगा होत्या. ती सोलत राहिली.

"ट्रक ठरला म्हणजे."

"ठरेल. गाडीत सीट असली तर. मी तुला दुसरी खुर्ची आणते, हिच्यासारखीच मागे होणारी. मिळतात हल्ली."

"मिळत असतील."

"शाळेचं काम आहे, आई. दोन मजले. ते झालं की वर्षभर बघायला नको."

"नुसत्या साध्या काचा?"

"खालच्या मजल्याला दुधी. पोरांना बाहेरचा रस्ता दिसायला नको म्हणून."

आईने एक शेंग मोडली. आत दाणा किडका निघाला तो बाजूला टाकला.

"मी मास्क लावते," ती म्हणाली. "बाबांसारखा रुमाल नाही. पाणी मारते, धूळ उडत नाही. तू येऊन बघ एकदा शेडमध्ये."

"तुझे बाबाही मला बोलावायचे, येऊन बघ म्हणून. बघितलं की मी." ती थोडा वेळ सोलत राहिली. "तू चौदा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी उभी असायचीस त्या शेडमध्ये. तेव्हा कुठला मास्क?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"हो. तेव्हा काम छोटं होतं."

"आई, तुझ्या मनात काय आहे ते सरळ सांग. नेऊ की नको?"

"ने की. मी काय दारात आडवी पडलेय?"

हे 'ने की' कसलं होतं ते तिला कळत होतं. लहानपणापासून ती ते ऐकत आली होती. सहलीला जाऊ का, जा की. शाळा सोडून बाबांबरोबर काम करू का, कर की. त्या शब्दाला हो समजायचं नसतं आणि नाही म्हणून पकडताही येत नाही. तिने नेहमीसारखं तेच केलं, त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं.

*

सकाळी आई आंघोळीला गेली तशी ती पाना घेऊन सीटखाली वाकली. आई बाहेर असताना हे करायला नको होतं, हे तिला ठाऊक होतं. आई समोर असती तर हात चालला नसता, हेही. नट गंजले नव्हते. बाबांनी तेल दिलेलं होतं. चौथा नट सुटला तेव्हा न्हाणीघरातलं पाणी थांबलं आणि ती तशीच, पाना हातात धरून, श्वास रोखून बसली. मग पुन्हा पाणी सुरू झालं.

दांड्याला धक्का लागू न देता तिने सीट उचलली. दारातून नेताना पाठ उभी केली असती तर ती सहज बाहेर गेली असती. ती तिने केली नाही. सीट आडवीतिडवी करत, कोपर चौकटीला घासून घेत बाहेर नेली आणि गाडीत, सव्वीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागी बसवली. खालची भोकं बरोबर जुळली.

वर पाहिलं तर आई पायरीवर उभी होती. केस ओले, पदर खोचलेला, पायात चपला. आत ती रिकामी बैठक तिने पाहिली असणारच.

"मी येते," आई म्हणाली.

"तू कशाला, आई? उन्हात..."

"येते म्हटलं ना."

आई पुढे बसली. लग्नानंतर घेतलेल्या या गाडीत ती नेहमी मागे, काचेच्या कडेला जागा मिळेल तशी अंग चोरून बसत आली होती. आता पाठ चौथ्या खाचेइतकी मागे असल्यामुळे ती अर्धवट पडल्यासारखी दिसत होती. समोरच्या काचेतून तिला रस्त्यापेक्षा आकाशच जास्त दिसत असणार. वाटेत ती एकदाच बोलली. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाली, "इथे किती जागा होती. मला वाटायचं फार नसेल."

*

मामाने गाडीभोवती एक चक्कर मारली. डिकी उघडली, बंद केली. आई उतरल्यावर पुढचं दार उघडून सीटवर बसला, दोनदा हिसके दिले, आणि कुणी काही म्हणायच्या आत कडेचा दांडा खसकन ओढला. पाठ धाडकन मागे पडली. त्याने ती उभी केली, पुन्हा पाडली, पुन्हा उभी केली.

"चालतेय फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांची वाटत नाही."

ती आईकडे पाहत नव्हती. तिने सह्या केल्या. तीन ठिकाणी. मामाने किल्ली दिली आणि ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली.

"आता हिचं काय करणार?" तिने छोट्या गाडीकडे बोट केलं. "कोण घेईल?"

"हिला कोण घेणार, ताई? भंगारात जाणार. परवा गाडी दाबायच्या मशीनवाला येतो, तो वजनावर नेतो."

"मग सीट कशाला हवी होती?"

"वजन." मामा थोडा ओशाळला. "पूर्ण गाडीचा दर वेगळा असतो. माझ्या हातात नाही ते."

तिने ट्रकची किल्ली खिशात टाकली.

आई गाडीकडे गेली. पुढचं दार उघडून वाकली. एका हाताने पाठीला आधार देऊन दुसऱ्या हाताने तिने दांडा ओढला आणि पाठ हळूहळू मागे सोडत गेली. कट. कट. कट. कट. थांबली. तळहाताने दाबून पाहिलं.

"ही परत घे," ती म्हणाली.

"आई, सह्या झाल्या."

"विचार त्यांना."

"मी तुला नवी खुर्ची आणणार आहे. आजच आणते. ही आता..."

"माझ्यासाठी नाही म्हणत मी."

उन्हात गाड्यांच्या काचा चमकत होत्या. लांब कुणीतरी टायरला हातोडा मारत होतं. तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनाभर पुरेल असं सामान भरताना असायचा तसा, कामाचा चेहरा होता.

"हिवाळ्यापासून दोन उशा घेतेस तू," आई म्हणाली. "मी रोज बिछाना उचलते तुझा."

"मान दुखते माझी."

"हं." आईने दार लावलं. "त्यांचीही मान दुखायची. दोन वर्षं मानच दुखत होती. मग तिसरी उशी आली."

"तसं काही नाहीये."

"बरं."

"आई, खरंच नाहीये. धापबिप काही नाही मला. शेडमधून आले की जरा..." ती थांबली. वाक्य कुठे चाललंय ते तिला स्वतःलाच ऐकू आलं.

आईने ते पुरं करायला लावलं नाही. "तू काम सोडणार नाहीस. ट्रक आलाय. मी आता त्यावर बोलणार नाही. पण ही भंगारात जाऊ देणार नाही मी. एवढी शोधून काढलेली जागा."

तिने मामाला विचारलं. मामाने दोघींकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "वजन कमी भरेल," तो म्हणाला. मग ट्रककडे पाहत, "एक करा. ट्रकची स्टेपनी ठेवून जा. वजनाला वजन होईल. पण वाटेत चाक बसलं तर मला शिव्या द्यायच्या नाहीत."

कालच हे जमलं असतं. तिने काल विचारलं नव्हतं. डिकीतून पाना काढून ती पुन्हा सीटखाली वाकली. तासाभरापूर्वी आवळलेले नट. तिसऱ्या नटाला पाना घसरून बोटं पत्र्यावर आपटली, रक्त आलं. ती खोकली. एकदाच, धुळीने. आणि मान वर न करताही तिला कळलं की वर आई ऐकते आहे.

मामाने आणि तिने मिळून सीट ट्रकमध्ये चढवली. घोडी अजून ठोकायची होती, म्हणून तिने सीट फळीला लावून दोरीने बांधली. दोरी दांड्यावरून जाणार नाही असं बघून बांधली. मग चालकाच्या जागेवर चढली. आई आधीच शेजारी बसली होती, पर्स मांडीवर धरून. या ट्रकची पुढची सीट सरळ, कडक, एकाच तुकड्याची होती. मागेपुढे होत नव्हती.

"काचा आज कापायच्या का?" आईने विचारलं.

"आज. सोमवारी उतरवायच्या आहेत."

"साध्या आधी कर. दुधी शेवटी."

"शेवटीच करते नेहमी."

"मी शेडमध्ये येऊन पाणी मारत जाईन," आई म्हणाली. "तुझे हात काचेला असतात."

"तू नको येऊस तिथे. तुला कशाला ती धूळ?"

आई मान वळवून मागच्या छोट्या खिडकीतून दोरी नीट बसली आहे का ते पाहत होती. तिने किल्ली फिरवली. इंजिन एका हाकेला उठलं. स्टेपनीची रिकामी जागा आरशात दिसत होती. पहिल्या खड्ड्यापाशी तिने ट्रक अगदी सावकाश घेतला, जशी गाडी काच भरलेली असताना घ्यायची.