विदेशी डिस्क

मृणाल दिघे बँकेतून निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही पुण्याला मुलीकडे जाऊन राहील नाहीतर देवळांच्या फेऱ्या करील. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती माळव्यातच राहिली. माधव नगरातल्या घराच्या मागच्या खोलीत तिनं खिडकीवर जाड रजई टांगली, टेबलावर माईक मांडला आणि रोज सकाळी पुस्तकं मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला लागली. इतिहासाची जाडजूड हिंदी पुस्तकं, तीही तळटीपांसकट.

हे काम तिच्या मागे लावलं निहारिकानं. निहारिका सरकारी शाळेत इतिहास शिकवायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात मृणालनं सूत्रसंचालन केलं होतं, ते ऐकून ती कार्यक्रम संपल्यावर चौकशी करत करत स्टेजपाशी आली आणि म्हणाली, "काकू, मला कॉलेजात प्राध्यापक व्हायची परीक्षा द्यायची आहे. फोनमधली बाई पुस्तकं वाचून दाखवते, पण नावं आली की सगळ्या राजांची वाट लावते. तुम्ही वाचून द्याल का?"

मृणालनं एक पुस्तक वाचून दिलं, मग दुसरं, आणि मग मोजणं सोडलं. निहारिका एकेक पुस्तक फोनमध्ये घेऊन जायची, ऐकायची, फोन भरला की पुसायची. मूळ रेकॉर्डिंग काकूंकडे आहेच, ही दोघींचीही खात्री. देवासचे, शाजापूरचे आणखी काही दृष्टिहीन विद्यार्थीही तिच्यामार्फत तेच ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात मृणालचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. अगदी गेला असं नाही, पण जो परत आला तो तिला ओळखू येईना. खरखरीत, आणि लांब वाक्यात मध्येच तुटणारा. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा, हळूहळू सुधारेल. तिनं एकदा माईकसमोर बसून अर्धं राहिलेलं पुस्तक उघडलं, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि माईक कपाटात ठेवून दिला. रजई काढून धुतली. निहारिकाला म्हणाली, "आधीचं आहे तेवढं ऐक, पुढचं कुणीतरी दुसरं बघू." घरातही ती कामापुरतंच बोलायला लागली.

तिचे यजमान गोपाळराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. बायको गप्प झाली याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. जुना कॉम्प्युटर मात्र अडखळत चालला होता आणि त्याच्या सिस्टीमला आता अपडेट मिळणार नाहीत असं रोज पडद्यावर येत होतं. याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. त्यांनी नवा कॉम्प्युटर जोडून आणला, नवी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः टाकली, बायकोला सोपं जावं म्हणून भाषा हिंदी निवडली, आणि जुन्यातल्या दोन हार्ड डिस्क काढून नव्यात बसवल्या. सगळं रेकॉर्डिंग त्या दोन डिस्कमध्ये होतं.

नवी सिस्टीम झटकन सुरू झाली. रंग छान, अक्षरं मोठी. रेकॉर्डिंग मात्र कुठेच नव्हतं.

"दिसत नाही म्हणजे काय?" मृणालनं विचारलं.

"म्हणजे डिस्क सिस्टीमला दिसत नाहीत. आत आहेत. मीच तर बसवल्या."

पुढचे काही दिवस त्या खोलीत गोपाळरावांचाच मुक्काम होता. ते व्हिडिओ बघायचे, कॉम्प्युटर बंद करायचे, चालू करायचे, वायर काढून फुंकर मारून परत लावायचे. जेवायला बोलावलं तर "आलोच" म्हणायचे आणि पोळ्या गार व्हायच्या. टावर चौकातल्या एका दुकानात ते विचारायला गेले, तर तिथला माणूस हातातलं काम न सोडता म्हणाला, "अंकल, पुरानी डिस्क है. फॉरमॅट मारो, नई जैसी हो जाएगी. डेटा का मोह छोड़ो." ह्या डिस्क मुळात भाचा अभिजीतनं बसवून दिल्या होत्या. तो आता टोरंटोला होता. त्याचा मेसेज आला, "मामा, दोन्ही मिळून एक केल्या होत्या एवढं आठवतंय. कशा केल्या ते नाही आठवत."

मृणाल आपली कामं उरकत राहिली. पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिच्या मनात तेच घोळत होतं. पुस्तकं बाजारात परत मिळतील. तो आवाज कुठून आणायचा? ऑपरेशननंतर तिनं जुनं रेकॉर्डिंग एकदाही ऐकलं नव्हतं, हिंमत झाली नव्हती. तरी तो तिथे आहे याचा एक आधार होता, हे तिला आता कळत होतं.

शनिवारी सकाळी गोपाळरावांनी तिला हाक मारली. त्यांचा चेहरा उजळला होता.

"सापडली. हे बघ, डिस्कच्या यादीत कोपऱ्यात होती. आणि इथे बटण दाबलं की लिहून येतं, 'मूल डिस्क में बदलें'. म्हणजे जशी मुळात होती तशी करून देणार. दाबतो."

मृणाल पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. माऊसचा बाण त्या अक्षरांवरच होता.

"अहो, थांबा."

"आता काय झालं?"

"काही झालं नाही. पण ते सगळं निहारिकासाठी आहे. होळीच्या आधी तिची परीक्षा आहे. तिला न विचारता काही दाबायला नको."

"तिला काय विचारायचं त्यात?" गोपाळराव म्हणाले, पण त्यांनी माऊसवरून हात काढला.

रेकॉर्डिंग दिसत नाही हे निहारिकाला सांगायला इतके दिवस मृणालचा धीर झाला नव्हता. तिनं फोन लावला आणि तुटक तुटक सगळं सांगितलं. निहारिकानं डिस्क किती आहेत ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "काकू, काहीच दाबू नका. शाळा सुटली की मी येऊन राहिली आहे."

तिला यायला बराच उशीर झाला. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, त्यात शनिवारची बाहेरगावची गर्दी. ई-रिक्शावाल्यानं तिला कुठून कुठून फिरवून आणलं होतं. पाणी पिऊन, काठी घडी करून ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीशेजारी बसली.

"काका, पडद्यावर काय आहे?"

"तो म्हणतोय की डिस्क पूर्वीसारखी करून देतो."

"म्हणतोय ते नको. लिहिलंय ते पाहिजे. काकू, तुम्ही वाचा."

"माझ्याकडून वाचणं होत नाही गं आता," मृणाल म्हणाली. "हे वाचतील."

"काका गाळून वाचतात. तुम्ही तळटीपसुद्धा गाळत नाही." निहारिका हसून म्हणाली. "माझा कॉम्प्युटर मला बोलून सगळं सांगतो, एकेक बटण. मला ऐकावंच लागतं. तुम्हा लोकांना एका नजरेत सगळं दिसतं, म्हणून तुम्ही वाचत नाही."

गोपाळराव खुर्चीवरून उठले. मृणाल बसली, चष्मा लावला आणि वाचायला लागली. पहिलं वाक्य मध्येच तुटलं. तिनं थांबून ते परत सुरुवातीपासून वाचलं. निहारिका मान खाली घालून ऐकत होती, पुस्तक ऐकायची तशी.

"'मूल डिस्क में बदलें'च्या वर काय आहे?"

"विदेशी डिस्क आयात करें."

"हे मी बघितलं होतं," गोपाळराव म्हणाले. "मला वाटलं विदेशी म्हणजे बाहेरची कुठली तरी. आपली तर घरचीच आहे, म्हणून सोडून दिलं."

"आपल्याला घरची आहे काका. ही सिस्टीम तर नवी आहे न, तिला ती बाहेरची वाटून राहिली आहे." निहारिकानं फोन कानाशी धरून काहीतरी शोधलं, बराच वेळ ऐकलं. मग तिचा आवाज बदलला. "काकू, ते मूल डिस्कवालं दाबलं नाही हे फार चांगलं झालं. त्यानं सगळं पुसलं गेलं असतं. मूल म्हणजे साधी, कोरी."

गोपाळराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मृणालनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाबलं तर नाही न तुम्ही. या इकडे."

मग तिनं निहारिकाच्या सांगण्यावरून आयातीचं बटण दाबलं. एक छोटी चौकट उघडली. मृणाल वाचत गेली, डिस्कचं नाव, आकार, आणि खाली बारीक अक्षरांत, "डेटा अधूरा."

"थांबा, पुढे जाऊ नका, रद्द करा," निहारिका म्हणाली. "डिस्क दोन आहेत न? तुम्ही मला एकीचंच नाव वाचून दाखवलं."

मृणालनं यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. नवी छोटी डिस्क होती, तिच्यात सिस्टीम. मग एक जुनी. बस. दुसरी जुनी यादीत नव्हतीच.

"अभिजीतनं दोन्ही मिळून एक केल्या होत्या," मृणाल हळूहळू म्हणाली. "म्हणजे रेकॉर्डिंग दोन्हीत वाटलेलं असणार. एकीवरून काही उघडणारच नाही."

आता गोपाळरावांची पाळी होती. त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि दोन्ही डिस्कवर हात ठेवला. दोन्ही फिरत होत्या, हाताला थरथर लागत होती. म्हणजे वीज पोचत होती, निरोप पोचत नव्हता. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी टॉर्चच्या उजेडात आतल्या जागा बघितल्या. नवी छोटी डिस्क जिथे बसवली होती आणि दुसऱ्या जुन्या डिस्कची वायर जिथे खोचली होती, त्या दोन जागा त्यांनी बोटानं दाखवल्या.

"आमच्याकडे यार्डात असंच असायचं," ते म्हणाले. "एका लाइनला सिग्नल दिला की शेजारची लाइन आपोआप लॉक. इथेही नव्या डिस्कनं ही जागा लॉक केलेली दिसते. वायर पलीकडच्या जागेत लावून बघतो."

ते बोलता बोलता सरळ उभे राहिले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं.

कॉम्प्युटर परत सुरू झाला. मृणालनं यादी उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शेवटच्या ओळीपाशी तिचा आवाज पुन्हा तुटला, पण ह्या वेळी कारण वेगळं होतं. "विदेशी," ती म्हणाली. "ही पण विदेशी. दोन्ही आल्या."

आयातीची चौकट पुन्हा उघडली. ह्या वेळी खाली 'ठीक' लिहिलेलं होतं. निहारिकानं ते दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, "आता दाबा." थोडा वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एक नवीन ड्राइव्ह आला, आणि त्यात ओळीनं फोल्डर. दिल्ली सल्तनत. मराठे आणि माळवा. प्राचीन अवंती.

"एखादं लावा न काकू," निहारिका म्हणाली.

मृणालनं कुठलं तरी लावलं. खोलीत तिचा जुना आवाज भरला, स्वच्छ, न अडखळता वाहणारा. तिनं तो ऐकला. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दूर गावी गेलेल्या बहिणीचा फोन यावा तसं वाटलं. गोपाळराव दाराला टेकून उभे होते, त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"चला, सगळं वाचलं," मृणाल म्हणाली. "आता परीक्षेपर्यंत तुला पुरेल."

"आणि अर्धं राहिलेलं?"

"ते ह्या आवाजात कसं होणार? ऐकलास न आत्ताचा फरक."

"ऐकला." निहारिका खोटं बोलली नाही. "तो आवाज जास्त चांगला होता. पण दुपारपासून तुम्हीच वाचून राहिल्या आहात काकू, आणि मला एक शब्दही परत विचारावा लागला नाही. दोनदा वाचायला लावलं ते भीतीपोटी. मला गाणं ऐकायचं नाही, पेपर द्यायचा आहे."

मृणाल उठून चहा टाकायला गेली. गोपाळरावांनी तोवर नवी बाहेरची डिस्क जोडून सगळ्याची नक्कल सुरू केली होती आणि हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसले होते. निहारिकानं त्यांना सांगितलं की एक नक्कल तिच्या घरी राहील आणि एक इथे, आणि ते लगेच कबूल झाले.

सोमवारी सकाळी मृणालनं माईक काढला. सुरुवातीला पानभर वाचलं की ती थांबायची, कोमट पाणी प्यायची. काही वाक्यं तीन तीनदा वाचावी लागायची. गोपाळराव त्या वेळी बाहेरच्या खोलीतला पंखासुद्धा बंद करून बसायचे. पुढे पुढे पानं वाढली. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण तुटायचा कमी झाला. आणि कुठे तुटेल हे तिला आधीच कळायला लागलं, म्हणून ती तिथे अर्थाला धरून श्वास घ्यायची.

ते पुस्तक परीक्षेच्या आठवडाभर आधी पूर्ण झालं. इंदूरला पेपर देऊन निहारिका बसमध्ये बसली आणि तिनं फोन केला. निकाल लागायला अवकाश होता, पण पेपर बरा गेला होता. माळव्यावरचा मोठा प्रश्न आला होता, तो तिनं लेखनिकाला न अडखळता सांगितला होता.

"काकू, देवासची इशिता विचारून राहिली होती," ती म्हणाली. "तिचा भूगोल आहे. वाचाल का?"

"भूगोल मला काही येत नाही गं."

"इतिहास तरी कुठे येत होता?"

मृणाल हसली. हसतानाही आवाज खरखरला, तिच्या ते लक्षातही आलं नाही. "पाठव पुस्तक," ती म्हणाली.