चारचा आकडा

साठ खुणा, बारा आकडे, अक्षरांच्या दोन ओळी. घड्याळजींनी भिंगाखाली तबकडीवरचं सगळं दोनदा मोजलं. कमी काहीच नव्हतं. फक्त अक्षरांच्या कडा पसरल्या होत्या आणि चारचा आकडा पायाशी किंचित जाड होता. कारखान्यातली छपाई भिंगाखाली धारदार दिसते. ही अक्षरं हाताने काढलेली होती.

खरं तर मोजायची गरजच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी ही तबकडी त्यांनीच रंगवून घेतली होती.

"बोला की काका! डॉक्टरसुद्धा एवढा वेळ लावत नाहीत," काउंटरपलीकडून शाळेतल्या मास्तरांची मुलगी म्हणाली. "डायल मूळची आहे ना?"

"आज एकदम कशाला हवंय?"

"बाबा गेल्या महिन्यात गेले. उद्या दादा येतोय, एकोणीस वर्षांनी. तुमच्याकडून हे घड्याळ त्यानेच दुरुस्त करून आणलं होतं. बाबा म्हणाले, डायल बदललीय, हा चार माझा नव्हे. दादाने वाटेत चांगली डायल विकून खाल्ली म्हणे! तो त्याच संध्याकाळी बॅग भरून गेला. बाप हट्टी, लेक त्याच्या वरताण." ती ओशाळून हसली. "तुम्ही नुसतं मूळची आहे म्हणा. बाबांना भास झाला असं सांगून मी विषय मिटवते."

मास्तरांचा मुलगा घर सोडून गेला, हे घड्याळजींच्या कानावर तेव्हाच आलं होतं. का गेला, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. मास्तर समोरून आले की घड्याळजी रस्ता ओलांडत.

भिंग त्यांनी डोळ्यावरून काढलं नाही. एका शब्दात सगळे सुटत होते: भाऊ, बहीण, ते स्वतः. गेलेला माणूस तेवढा खोटा पडला असता.

"भास नव्हता," ते म्हणाले. "डायल रंगवलेली आहे."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे दादानेच..."

"मी." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "डायल नुसती मऊ ब्रशने झटकायची असते. मी घाईत चाकांबरोबर तीही धुवायच्या द्रावणात टाकली. बघता बघता अक्षरं निघून आली. मग एका रंगाऱ्याकडून डायल पुन्हा रंगवून घेतली आणि गुपचूप बसवली."

"बाबा विचारायला आले असतील."

"दोनदा."

"मग?"

"म्हटलं, मी फक्त तेल घातलं."

 तिने मोबाइल काढून दादाचा नंबर लावला आणि तो काउंटरवर त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडून नको."

घड्याळजींनी सांगितलं.  द्रावणापासून तेलापर्यंत सगळं, काही न वगळता. 

"काका," पलीकडून दादा म्हणाला, "चालतंय का ते?"

घड्याळजींनी घड्याळाला चावी दिली, ते वेळेतली चूक मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

"चालतंय. दिवसाला सहा सेकंद मागे पडतंय," ते म्हणाले.