बाकावरची मालू

मी कोट बोलतोय. निळा, गुडघ्यापर्यंत लांब, बर्फात घालायचा. वसईच्या उकाड्यात मला नुसतं पाहिलं तरी लोकांना घाम फुटतो, पण माझा जन्म इथलाच, सातिवलीच्या एका कारखान्यातला. परदेशी निघालो होतो. एक बाही दोन बोटं लांब निघाली आणि मी बाद झालो.

मला शिवलं पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मालूने. बावीस वर्षं तिने बर्फाचे कोट शिवले, पण बर्फ पाहिला तो मासळीवर टाकलेला. काम सोडताना तिने मला मागून घेतलं. तेव्हापासून मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत. तक्रार नाही, मुक्काम बरा होता.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने, ॲन्सेल्मने, बर्फावर स्कीइंग करायला जायचं ठरवलं. सोबत बायको लविना आणि आय, म्हणजे मालू. मी लगेच कपाटातून खुर्चीच्या पाठीवर आलो. ॲन्सेल्म बागेतल्या घसरगुंडीवरूनही धड उतरला नसेल, पण त्याला अमेरिकेतला उंचच डोंगर हवा होता! कोलोरॅडोतलं एक ठिकाण नक्कीही झालं. घोडं अडलं डॉक्टरांपाशी. मालूला दमा.

"ते गावच नऊ हजार फुटांवर आहे. यांना नका नेऊ," डॉक्टर म्हणाले.

"आय, तू पुढच्या वेळी ये," ॲन्सेल्म म्हणाला.

"जा तुमी," म्हणत मालूने माझी घडी घातली. सदुसष्टाव्या वर्षी कसली पुढची वेळ? मला फार वाईट वाटलं.

लविनाने ती घडी पाहिली. तिने लॅपटॉप सासूपुढे सरकवला. "मम्मी, तुम्हीच बघा. कुठे जावंसं वाटतं?"

कोळीण मासळीच्या वरच्या चकाकीला भुलत नाही, कल्ला उघडून बघते. मालूने फोटोही तसेच पाहिले. डोंगर सोडून खालचे कोपरे मोठे करून.

"हितं बसाला जागा नाय. हितं पन नाय." मग कॅनडातल्या व्हिसलरचा फोटो आला. "ही म्हातारी बग. बाकावर बसलीय, हातात कप हाय. मना हितं न्या."

लविनाने शोधलं. गाव जेमतेम दोन हजार फुटांवर. डॉक्टरही हो म्हणाले. "आणि तुला शिकवायला मास्तर आहेत, स्की भाड्याने मिळतात," ती नवऱ्याला म्हणाली. महिनाभर फोटो चाळून ॲन्सेल्मला तो बाक दिसला नव्हता. तो ओशाळून हसला.

आज आम्ही तिथेच आहोत. बर्फ भुरभुरतोय. मालूने जीभ बाहेर काढून तो चाखलासुद्धा.

"आय, थंडी वाजते? आत जाऊया?" पडून पडून नखशिखांत पांढरा झालेला ॲन्सेल्म विचारतो.

"नाय रं. तू जा, पड परत. मी हाय हितं."

तुम्हीही असं ठिकाण निवडाल, तेव्हा घसरणाऱ्यांचे डोंगर जरूर बघा, पण बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. एवढंच मागणं. माझं म्हणाल तर मी बाद झालेला माल. पण माझी शिवणारी आज माझ्याच उबेत बसली आहे, आणि परदेशी गेलेल्या माझ्या एकाही भावंडाला हे सुख मिळालेलं नाही.