ठमाआत्याचा डोळा

निमगाव केतकीत चांगली बातमी पायी चालते आणि वाईट बातमी मोटारसायकलवरून पळते. आरोग्य खात्याची आशाताई म्हणून गाव तुडवणाऱ्या सुप्रियाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तिने शेण खाल्लं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बायका काही केल्या तयार होईनात. तेव्हा तिने ठमाबाईला गळ घातली. दोघींचं माहेर बावड्याचं, त्या नात्याने ठमाबाई तिची आत्या. माहेरच्या लेकीचा शब्द मोडवेना, म्हणून म्हातारी बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एक डोळा करून आली. काळा चष्मा लावून ती ओट्यावर ऐटीत बसली, तसा बाकीच्यांना धीर आला. ऑपरेशनला नेणारी दवाखान्याची गुरुवारची गाडी भरण्याइतकी नावं पडली.

सोमवारी ठमाबाई हळूच म्हणाली, "सुप्रे, डोळा लई ठणकतुया गं. दिसतंय बी कमी."

डोळा लालभडक झाला होता. असं झालं की पेशंटला तडक दवाखान्यात न्यायचं, हे सुप्रियाला शिकवलेलं होतं. पण आत्या पुन्हा दवाखान्यात निघाली की गाव म्हणणार, डोळा गेला! मग गुरुवारी गाडीत कोण चढतंय?

"ऑपरेशन केलंय म्हनल्यावर ठणकनारच, आत्या. औषध टाकत ऱ्हावा. आन् गुरुवारपतूर कुनाला बोलू नगा."

आत्या बोलली नाही. भाचीवर तिचा विश्वास होता.

गुरुवारी त्याच गाडीतून ठमाबाईला तपासणीला नेलं. सोबत तिचा मुलगा रणजित होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढायला लावला, सुजलेली पापणी उघडून पाहिली. "कधीपासून दुखतंय, आजी?"

"काल रातच्यापासनं. म्या कुनाला सांगितलंच न्हाय."

म्हातारी आपल्याला पाठीशी घालतेय, हे सुप्रियाला कळलं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याच्या लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कालपासूनच असेल तर ऑपरेशनची सूज असेल. औषध वाढवते, उद्या बघू."

"न्हाय, मॅडम," सुप्रियाच्या तोंडून निघालं. "सोमवारपासून दुखतंय. आत्यांनी मला सांगितलं होतं. मीच त्यांना गप्प बसवलं."

रणजितने तिच्याकडे पाठ फिरवली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डोळा तपासला. "आत पू झालाय. आत्ताच्या आत्ता पुण्याला हलवा. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, मी तिथे फोन करते."

दाराबाहेर रांगेत बसलेल्या बायकांनी सगळं ऐकलं. ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत निम्म्याअधिक उठून एसटी स्टँडकडे चालू लागल्या होत्या, उरलेल्याही त्यांच्यामागे गेल्या. ज्या गाडीसाठी एवढं केलं, ती रिकामीच परतली.

ठमाबाई पुण्याहून आली तेव्हा डोळा जागेवर होता, नजर गेली होती. तिच्या दारात जायला सुप्रियाला तोंड उरलं नव्हतं. कितीतरी दिवस ती लांबच्या बोळानं फिरली. शेवटी एका सकाळी गेली आणि उंबऱ्यातच रडायला लागली.

"चुकलं माझं, आत्या."

"बस हितं." ठमाबाईने चाचपडत तिचा हात धरला. "ह्या दुसऱ्या डोळ्यात बी मोतीबिंदू हाय. त्यो कवा करायचा?"

सुप्रिया तिच्याजवळ खाली टेकली.

"तूच ने मला. पर या खेपंला दुखतंय म्हनलं, तर ऐकशील न्हवं?"