गच्चीवरची सुनावणी

देवगाव फाट्यावर योगीराजचा बॅनर अजून तसाच झळकत होता. कबड्डीच्या लीगने त्याला दीड महिन्यापूर्वी खेळायचं थांबवलं, पण गावाने बॅनर उतरवला नाही. लीगने थांबवलं ते त्याच्या बायकोच्या, राजनंदिनीच्या तक्रारीवरून. ज्या पकडीवर टीव्हीसमोर बसून गाव टाळ्या पिटायचं, त्याच पकडीने त्याने घरात तिचा डावा हात मोडला होता. गावात विचाराल तर दोष हाडांचा. बायकांची हाडंच नाजूक, असं सांगणारे शहाणे फाट्यावरच्या हॉटेलात पैशाला पासरी मिळत.

तक्रार देऊन ती गंगाखेडला माहेरी गेली होती. तीन आठवड्यांत परत आली, कारण चार वर्षांची सृष्टी इथं अडकून होती.

"तुला जायचं तर खुशाल जा," सासू पार्वतीबाई म्हणाल्या होत्या. "पोरगी आमची हाय."

तिच्या तक्रारीची केस कोर्टात होती आणि तारखेवर तारीख पडत होती. लीग म्हणे, कोर्टाचा निकाल येऊ द्या. कोर्टात योगीराजचा वकील म्हणे, आधी लीग काय ठरवते ते बघू. दोघेही एकमेकांना मोठेपणा देत होते आणि मधल्या मधे राजनंदिनी त्याच घरात भाकऱ्या थापत होती, त्याही एका हाताने.

पुढच्या आठवड्यात खेळाडूंचा लिलाव होता. त्याआधी लीगच्या समितीने तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरवलं. तिच्यावर कुणाचा दबाव नको, म्हणून तिच्या एकटीशी. हा निरोप आला योगीराजच्याच फोनवर. तिचा फोन सासूच्या कपाटात कुलूपबंद होता.

रेंज फक्त गच्चीवर यायची. दुपारी चारला योगीराजने खुर्ची मांडून तिला बसवलं आणि तो फोन धरून तिच्यासमोर उभा राहिला. खाली अंगणात पार्वतीबाई सृष्टीला मांडीवर घेऊन बसल्या, वरून दिसेल अशा.

"पाय घसरला म्हणायचं," तो हळूच म्हणाला. "लय बोलायचं न्हाई. पोरगी खाली हाय, ध्यानात ठेव."

पडद्यावर दोन पुरुष होते आणि मध्ये चष्म्याची एक बाई. बाईंचा आवाज इतका मायेचा होता, की राजनंदिनीला आत्ताच सगळं ओकून टाकावंसं वाटलं.

"ताई, काय झालं होतं?"

"पायरीवरून पाय घसरला. तक्रार रागाच्या भरात दिली."

"आत्ता तुमच्याजवळ कुणी आहे?"

"न्हाई."

"कुणाच्या दबावाखाली तर बोलत नाही ना?"

तेव्हा तिला सुचलं. शपथ घेतल्यासारखा तिने उजवा हात वर केला. मग प्लास्टरमधला डावाही गळ्यातल्या झोळीतून काढून त्याच्या शेजारी धरला. कळ खांद्यापर्यंत गेली, पण तिने तो खाली घेतला नाही. फोन काही हवेत तरंगत नाही, एवढं तर शिकल्या-सवरल्या माणसांना कळेलच.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मी एकटीच हाय."

योगीराजला वाटलं, शपथ जरा जास्तच मनावर घेतली बायकोने. तो खूश दिसला.

चष्म्याची बाई मात्र पडद्याजवळ सरकली. तिने त्या दोन हातांकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा पाहिलं. विचारा, मॅडम, फोन कुणी धरलाय तेवढं विचारा, राजनंदिनी मनातल्या मनात विनवत होती. एक प्रश्न आला असता तर पुढचं सगळं तिने निभावलं असतं.

बाईने शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते पुढे सरसावले.

"ठीक आहे ताई, आमचं समाधान झालं. हात असेच राहू द्या, रेकॉर्डसाठी एक फोटो घेतो." ते पडद्याकडे वाकले. "चित्र हलतंय. फोन धरलाय त्यांना म्हणावं, जरा स्थिर धरा."

योगीराजने श्वास रोखून फोन स्थिर धरला, आणि फोटो निघाला.